विमानपट्टीवरचे चुन्याचे गोल

अण्णा, पट्टी बंद झाली!

आदेश हातात आला, शिक्का मारलेला, तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी. मी तो घेऊन तशीच तुमच्या घरी धावले आणि अंगणात महादेवीअक्कांसमोर उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. राखीव माळाला लागून असलेल्या हौशी उड्डाणांच्या पट्टीवरून यापुढे कोणतंही विमान उडणार नाही, उतरणार नाही. एवढं वाचलं आणि पुढच्या ओळी पुसट झाल्या. कागद कन्नडमध्ये होता. अक्कांना आधी वाटलं मी शब्दाला अडले. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "कन्नड मला येतंय गं. तू आधी डोळे पूस, मंग वाच."

आम्ही दोघी हसलो, अण्णा. तुम्ही नेहमी बसायचात त्या कट्ट्यावर बसून हसलो.

तुमचा जन्म कुठला, तुम्ही किती शिकलात, मागे कोण कोण आहे, हे मी इथे लिहिणार नाही. ते ज्यांना हवं त्यांना ठाऊक आहे. मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय. आणि आज सकाळी पट्टीवर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दम निघत नाहीये! पण ते नंतर. आधी माझी चूक.

आठवतंय, तुम्ही पहिल्यांदा आमच्या दुकानात आलात तो दिवस? नौबादच्या आमच्या त्या छोट्या छपाईच्या दुकानात बाबा लग्नपत्रिका कापत होते. तुम्ही मोपेड स्टँडला लावली, आत आलात, बाबांना आमचं "जय भीम" म्हणालात, बाबा तुम्हाला तुमचं "शरणु" म्हणाले. मग तुम्ही खिशातून चार घड्या घातलेलं एक गुलाबी पत्रक काढलंत आणि टेबलावर हाताने सपाट केलंत. एका वाक्याखाली लाल रेघ होती.

"ह्ये कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणाले. मान वर करून म्हणाले. त्या पत्रकाचा मला फार अभिमान होता. काळविटांच्या माळावर विमानांचा धुडगूस, असा मथळा मीच दिला होता. कमठाण्याच्या बाजारात, बस स्टँडवर, कॉलेजच्या फाटकात, पाचशे हातांत मी ते स्वतः दिलं होतं.

"तुम्ही व्हय पत्रकवाली बाई. मी मल्लण्णा. पट्टी बघतो. वीस वर्षं झाली." तुमचं बोट लाल रेघेवर होतं. "ह्ये वाक्य वाचा बरं मोठ्यानं."

मी वाचलं. 'पट्टीवर जागोजागी चुन्याचे गोल आखले आहेत. ते विमानांचे नेम आहेत, आणि टिटव्यांची घरटी या नेमांखाली चिरडली जातात.'

"कुठनं कळालं?"

मी सांगितलं. कुंपणाबाहेरून मी गोल स्वतः पाहिले होते. हौशी उड्डाण क्लबच्या वार्षिक स्पर्धेची चित्रफीत पाहिली होती. तीत वरून पिठाच्या पुड्या चुन्याच्या गोलात टाकायच्या, ज्याची पुडी मधोमध पडेल तो जिंकला, आणि खाली टाळ्या. आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल. तीन खऱ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या की चौथीही खरीच असणार, अशी माझी समजूत होती.

तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर मला बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडायला मी लहानपणापासून तयार आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या सकाळी या. पायात काय बी घालून या, पण माझ्या पाठीमागनंच चाला."

मी आले. लाल मुरमाची ती लांबलचक पट्टी, एका टोकाला खांबावर वारा दाखवणारी नारंगी पिशवी, पलीकडे वाळक्या गवताचा राखीव माळ, आणि त्यात उभे काळवीट. तुम्ही मला एका गोलापाशी नेलंत आणि म्हणालात, बघा. मी बघत राहिले. लाल मुरूम, खडे, अजून खडे. डोक्यावर टिटव्या ओरडून आकाश फाडत होत्या.

"दिसंना?"

"न्हाई."

"वीतभर लांब हायत."

मी गुडघ्यावर बसले. आणि मग एकदम दिसली. चार अंडी! खड्यांत खडे होऊन पडलेली, मातकट, वर काळे शिंतोडे. इतका वेळ मी त्यांच्याकडेच बघत होते.

"तुम्हाला उभ्याउभ्या दिसंनात," तुम्ही म्हणालात, "तवा उतरत्या इमानातनं कसं दिसंल? म्हणून चुना."

पत्र्याचा डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत चुन्याची फक्की. रोज पहाटे विमानं यायच्या आधी तुम्ही अख्खी पट्टी पायी चालायचात, नवी अंडी दिसली की डबा हलवत भोवती गोल मारायचात, आणि त्या दिवशी पायलटला सांगायचात की दक्षिणेकडची अर्धी पट्टी बंद. पायलट कुरकुरायचे. एक साहेब म्हणाले होते, मल्लण्णा, ही विमानपट्टी आहे की बाळंतिणीची खोली? तुम्ही म्हणाला होतात, "ह्या टोकाला बाळंतीण, त्या टोकाला इमान. बसतंय की दोघांचं."

हे क्लबने तुम्हाला सांगितलेलं काम नव्हतं. कोणत्याही नियमात नव्हतं. आणि मी पाचशे लोकांना सांगून आले होते की ते नेम आहेत.

आता बाबांचा नियम सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही. आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या कच्च्या छापांवर. शाळेच्या पुस्तकाआधी मी मोर्चांची, सभांची, जयंतीची पत्रकं वाचली. आणि त्या घरात एकच नियम कडक होता: पत्रकात चूक गेली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं. तितक्याच प्रती, तोच रंग, तीच ठिकाणं, आणि वाटायचं ज्याने चूक केली त्यानेच. बाबा म्हणतात, आपल्याला पुस्तकं छापायला कुणी दिली नाहीत तेव्हा आपण पत्रकं छापली. पत्रकावर लोकांनी विश्वास ठेवला म्हणून आपण उभे राहिलो. तो विश्वास खोटा पाडायचा नाही. त्या दिवशी मी घरी येऊन चूक सांगितली तेव्हा त्यांनी फळीवरून गुलाबी कागदाचं रीम उतरवलं आणि बाजूला ठेवलं.

आणि मी म्हणाले, "आत्ता नको."

कारण नेमक्या त्याच महिन्यात पट्टीबद्दल हरकती मागवल्या होत्या. सुनावणी लागणार होती. मी दुरुस्ती छापली असती तर क्लबचे सेक्रेटरी ती हातात नाचवत म्हणाले असते, बघा, हे लोक खोटं छापतात. एका वाक्यापायी अख्खा माळ घालवायचा? सुनावणी होऊ दे, मी म्हणाले. सुनावणी झाल्यावर म्हणाले, आदेश येऊ दे.

मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही फक्त प्रत्येक भेटीत, निघताना, मोपेडला किक मारायच्या आधी विचारायचात, "तंगी, गुलाबी कागद शिल्लक हाय का?"

बाईची तंगी झाले होते मी तोपर्यंत. कन्नडमधली तंगी, म्हणजे धाकटी बहीण. बहीण म्हणून तुम्ही मला टोमणा मारायचात आणि मी हसण्यावारी न्यायची.

कारण भांडायला आपल्याकडे दुसरं खूप होतं! तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पेट्रोलच्या वासात, स्टीलच्या ग्लासात चहा, आणि आपण. मी म्हणायची, चुना मारून राखायची गोष्ट आहे का ही? राखीव माळाच्या उशाशी हैदराबादच्या हौशी लोकांनी रविवारी घरघर करायचीच कामून? तुम्ही म्हणायचात, विमानं गेली तर माळ रिकामा राहील असं वाटतंय तुला? रिकामी जागा राहत न्हाई. कोण तरी येतंयच. इमानवाला निदान माझं ऐकतोय. मी म्हणायची, अण्णा, तुम्ही चांगले आहात म्हणून वाईट गोष्ट चालू ठेवायची का? तुम्ही म्हणायचात, "आणि तू बरोबर हाईस म्हणून माझ्या टिटवीकडं कोण बघणार?"

एकदा तुम्ही म्हणालात, एकदा वर बसून बघ. दोघांचं विमान आहे, साहेब नेतील, दहा मिनिटं.

"ज्याच्याविरुद्ध लिहिते त्यात मी बसणार न्हाई."

"बस डेपोविरुद्ध लिहायलीस की गेल्या महिन्यात. मंग कमठाण्यापासनं चालत आलीस व्हय?"

मी बसले नाही. आजही त्याचा पश्चात्ताप नाही. पण तुम्ही वरून दिसणारा माळ सांगायला लागलात की तुमचा चेहरा उजळायचा, आणि मी मुद्दाम चहा ओतायला उठायची, कारण मलाही तो बघायचा होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला फार बघायचा होता!

मग तो हिवाळ्यातला रविवार. एका पायलटने चित्रफीत काढायला म्हणून विमान माळावर अगदी खाली नेलं आणि कळपामागे लावलं. मी तिथे नव्हते. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात आलात आणि चहा घेतला नाहीत. म्हणालात, "पळताना झ्याक दिसतात ती. टाळ्या वाजवायलीत समदी. मला पण वीस वर्षं वाटायचं, खेळायलीत. काल एक हरणी पळाली आन् तिचं पाडस गवतात ऱ्हायलं. सांजच्याला ती आली धुंडत. सारखी येती, परत जाती, परत येती. खेळत न्हवती तंगी. भ्याली व्हती. वीस वर्षं भ्याली व्हती."

तुम्ही ते क्लबच्या उड्डाणवहीत लिहून ठेवलं होतं. शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून. आणि त्याच रकान्यात वर्षानुवर्षांचे तुमचे शेरे होते: दक्षिण टोक, चार अंडी, चुना मारला. कळप पट्टीवर, उड्डाण थांबवले. पायलटांनी त्याखाली न वाचता सह्या केल्या होत्या.

सुनावणीचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही. मी माझं लांबलचक निवेदन वाचलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. मग तुम्ही उठलात, धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर विभूती, काखेत वह्या. त्या टेबलावर ठेवल्यात. सेक्रेटरी हळूच म्हणाले, मल्लण्णा, तू आपला माणूस आहेस. आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "साहेब, मी पट्टीचा माणूस हाय."

माझ्या अंगावर काटा आला, अण्णा! आत्ता लिहितानाही येतोय. ते वाक्य बोलताना तुम्ही तुमची नोकरी सोडत होतात, आणि ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

पण तुम्ही पुढे अजून बोललात. "बंद करा. पण तिथं माणूस ठिवा. मी नको तर दुसरा. माणूस पायजे." साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्या वाक्याला त्यांचं पेन कागदावरून उचललेलं होतं. मी ते पाहिलं आणि गप्प बसले, कारण मी मनातून आधीच जिंकून घरी निघाले होते.

बाहेर तुम्ही म्हणालात, "आता तरी?" मी म्हणाले, "आदेश येऊ दे."

आदेश आला, तेव्हा तुम्ही नव्हता. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या सकाळीही तुम्ही पट्टीवर गेला होतात, पगार नसताना, फाटकाला कुलूप असताना, कुंपणाच्या फटीतून. अक्का सांगतात, चुन्याने पांढरे झालेले हात घेऊन घरी आलात आणि म्हणालात, दक्षिण टोकाला यंदाची पहिली चार.

आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी मी माळावर गेले, मोकळी, शांत पट्टी बघायला. लांबूनच घरघर ऐकू आली. मला वाटलं विमान! मोटारसायकली होत्या. सपाट लांब जागा, अडवणारं कुणी नाही. पोरं भन्नाट वेगात गाड्या घसरवत होती आणि एकमेकांचे व्हिडिओ काढत होती. मुरमात चाकांच्या वळ्या उठल्या होत्या. तुमचा शेवटचा गोल त्यांतून हातभर अंतरावर वाचला होता. मी ओरडले. ती हसली आणि अजून एक फेरी मारून गेली.

हा मुद्दा तुम्ही जिंकलात. लिहून देते. पट्टी बंद व्हायलाच हवी होती, हा मुद्दा माझा. तिथे माणूस हवा, हा तुमचा. दोन्ही एकाच पत्रकात बसतात, हे तुम्ही असताना मला सुचलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी आणि अक्का जातो. अक्कांनीच डबा बाहेर काढला. "रेघ फिकी झालीया," म्हणाल्या, "तुझ्या अण्णाला चालायची न्हाई." पहिल्या दिवशी मी मारलेला गोल बघून म्हणाल्या, "ह्यो गोल हाय का जिलेबी?" आता जमतो. पोरांच्या गाड्या गोलापासून लांब वळतात. आणि आम्ही दिवस मोजत होतो.

आता आज सकाळचं!

आम्ही दक्षिण टोकाकडे चालत होतो आणि टिटव्यांचा आकांत लांबूनच ऐकू आला. बघते तर एक खाकी कपड्यातला माणूस तुमच्या गोलापाशी उभा, आणि बुटाने चुना पुसतोय. सावकाश, नीट, रेघेवरून पाय ओढत. अर्धा गोल पुसला होता. मी धावले. आयुष्यात इतकी धावले नसेन.

"पाय उचला! आधी पाय उचला!"

त्याने दचकून खरंच एक पाय उचलला आणि तसाच एका पायावर उभा राहिला. नवा वनरक्षक, चार दिवसांपूर्वी बदलून आलेला. "कोण तुमी? इथं यायला परवानगी न्हाई."

"तुम्ही हे पुसताय कामून?"

"इमानाचं निशाण हाय म्हणून." त्याने खिशातून घडी काढली. गुलाबी कागद. "आमच्या चौकीच्या भिंतीवर चिकटवलेला व्हता. वाचलो. गोल म्हंजे नेम, लिहिलंय इथं. पट्टी बंद झाली तर निशाण कशाला ठिवायचं? म्हणून पुसायलो." मग जरा तोऱ्यात, "छापलेलं हाय ह्ये. माझ्या मनाचं न्हाई."

अण्णा, तो माणूस त्याचं काम चोख करत होता. माझ्यावर विश्वास ठेवून करत होता. अजून दोन पावलं पुढे गेला असता तर माझ्या वाक्यात लिहिलेलं खरं झालं असतं, माझ्याच वाक्यामुळे.

अक्का धापा टाकत पोचल्या. डबा कमरेवर. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आता बोल."

"हे मी छापलंय," मी म्हणाले. "आणि चूक छापलंय."

पहिल्यांदा बोलले मी हे, अण्णा, आपलं घर आणि तुमची शेड सोडून कुठेतरी. एका अनोळखी माणसाला. केवढं सोपं होतं! एवढंसं वाक्य मी वर्षभर उचलत नव्हते.

"मंग ह्ये काय हाय?"

"अंडी. तुमच्या बुटापासून वीतभर."

तो वाकला. डोळे बारीक केले. "दिसंनात."

आणि माझ्या तोंडातून तुमचं वाक्य आलं, तुमच्या सुरात, अक्कांनी मान वळवली इतकं तुमच्या सुरात. "तुम्हाला उभ्याउभ्या दिसंनात, तवा पळत्या गाडीवरनं कसं दिसंल? म्हणून चुना."

तो गुडघ्यावर बसला. खड्याखड्यावरून नजर फिरवली. मग त्याने हळूच टोपी काढली. एका खड्याला तडा गेला होता आणि तडा हलत होता.

आम्ही तिघं लांब जाऊन नारंगी पिशवीच्या खांबापाशी बसलो. टिटवी परतली. उन्हं वर चढली तरी कुणी उठेना. आणि मग, अण्णा, एक पिल्लू उठून उभं राहिलं! कापसाच्या बोंडाएवढं अंग आणि नुसते लांब पाय. पडलं. उठलं. मग दुसरं. तिसरं अंगाखालून डोकावलं, चौथ्याचा अजून पत्ता नव्हता. अक्का माझ्या दंडात बोटं रुतवून बसल्या होत्या. पहिलं पिल्लू, जिथे चुना पुसला गेला होता तिथूनच गोलाबाहेर चालत गेलं, पट्टीच्या मधोमध, जिथे इतकी वर्षं चाकं टेकायची. टिटवी ओरडली, ते जागच्या जागी बसलं आणि खडा झालं. दिसेचना! वनरक्षक म्हणाला, "गेलं कुठं?" अक्का म्हणाल्या, "आता चारीकडं चुना मारत फिर."

तो हसला. मग उठताना त्याने अक्कांकडे हात पुढे केला आणि विचारलं, "डबा द्या की. ऱ्हायलेलं अंडं हाय ना अजून." आणि जाऊन त्याने पुसलेला अर्धा गोल पुरा केला. जिलेबीच झाली. पण पट्टीवर माणूस आहे, अण्णा. एक तरी आहे, आणि तो कायम ठेवावा म्हणून मी अर्ज लिहिलाय, तुमचं ते न लिहून घेतलेलं वाक्य पहिल्या ओळीत घालून.

तिथून थेट दुकानात आले. बाबांनी माझ्या चपलांवरचा चुना बघितला, तेव्हापासून बाजूला ठेवलेलं रीम उचललं आणि यंत्राचं बटण दाबलं. मजकूर तीन ओळींचा आहे. गोल नेम नव्हते. ते मल्लण्णांनी टिटवीच्या अंड्यांभोवती मारलेले होते. हे मला वर्षापूर्वी कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही. खाली माझं नाव. क्लब वरिष्ठांकडे दाद मागणार आहे म्हणे. ही तीन वाक्यं तिथे दाखवतील. दाखवू देत. मी तिथे उभी राहीन आणि तुमच्या वह्या घेऊन बोलेन.

पहिली प्रत चौकीच्या भिंतीवर, जुनीच्या जागी, मी स्वतः खळ लावून चिकटवली. नंतर बस स्टँड, नंतर कॉलेजचं फाटक, नंतर कमठाण्याचा बाजार. एका म्हाताऱ्याने तिथेच वाचून विचारलं, "चूक तुझी, मंग स्वतःच वाटायलीस?" मी म्हणाले, "व्हय." त्याने घडी घालून खिशात ठेवली.

हात रिकामे झाले तेव्हा मी नेहमीप्रमाणे मोपेडचा आवाज येतो का बघितलं.

गुलाबी कागद संपला, अण्णा.